मुक्बिल कुठे जन्मला

एडन बंदरातल्या क्रेटर वस्तीत कुणाच्या घरी बाळंतीण असली की चाळीस दिवस तिसऱ्या प्रहरी त्या घरात बायकांची बैठक भरे. बाळंतीण उंच पलंगावर, उशांना टेकून, मोगऱ्याच्या गजऱ्यांनी मढलेली. खाली गाद्यांवर गल्लीतल्या बायका. धुपाचं भांडं या चादरीखालून त्या चादरीखाली फिरायचं. सुंठ घालून उकळलेला किशर, म्हणजे कॉफीच्या टरफलांचा काढा, पेल्यापेल्यांतून वाफाळायचा. मग कुणीतरी म्हणायचं, "उम्म मुक्बिल, होऊन जाऊ दे."

उम्म मुक्बिल म्हणजे गुसून. थोरल्या मुलाच्या नावाने आईला हाक मारायची इथली रीत, त्यामुळे तिचं स्वतःचं नाव निम्म्या गल्लीला ठाऊकच नव्हतं. पण तिची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. तरीही ती तिच्याच तोंडून ऐकायची असे.

गोष्ट साधी होती. गुसून सोळाव्या वर्षी डोंगरातून लग्न होऊन एडनला आली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं, म्हणून सातव्या महिन्यात नवऱ्याने तिला उंटांच्या तांड्याबरोबर परत वर पाठवलं. तिच्या आईचं घर कड्याच्या टोकावर, दगडी. छतावर ज्वारीची कणसं वाळत पडलेली. कळा सुरू झाल्या आणि त्याच वेळी आभाळ फाटलं. सगळं गाव ज्वारी वाचवायला छतांवर धावलं, आणि खाली अंधाऱ्या खोलीत फक्त ती आणि तिची आई उरली. आईने तिच्या पाठीला पाठ लावली आणि म्हणाली, "मला ढकल. भिंतीला ढकलू नकोस, भिंत ढकलत नाही." पोर बाहेर आलं तेव्हा नाळ बांधायला हाताशी काही नव्हतं. आईने आपल्या वेणीतला काळा गोफ उपसला आणि त्यानेच बांधली. मग उंबऱ्याशी खड्डा करून वार पुरली. वर लोक ज्वारी गोळा करून ओरडत होते, वाचली, वाचली. आई म्हणाली, "ऐक, तुझ्याबद्दलच बोलतायत."

इथे बायका हसायच्या आणि डोळेही पुसायच्या. क्रेटरमध्ये बाळंत झालेल्यांकडे अशी गोष्ट नसे. त्यांच्याकडे उकाडा असे, आणि शेजारीण. गुसून हे जाणून होती. ती शेवटचं वाक्य जरा उशिरा टाकायची.

पण त्या वर्षी तिचं बूड एका जागी टेकेना. स्वयंपाकघरातून ओसरीत, ओसरीतून छतावर, छतावरून पुन्हा खाली. तव्यावरची भाकरी करपायची. सून म्हणायची, "उम्मा, तुम्ही बसा, मी करते." ती बसायची आणि बसल्याबसल्या पाय हलवत राहायची.

कारण होतं कौन्सिल.

मुक्बिल बंदरावरच्या एका पेढीत होता. येणाऱ्या जहाजांना भाजी, मांस, दोरखंड, जे लागेल ते पुरवायची पेढी. जहाजावर चढून खलाशांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत घासाघीस करायची हे त्याचं काम. पण त्याचं मन टेकडीवरच्या जुन्या चर्चमध्ये असायचं. तिथे आता प्रार्थना होत नव्हती, एडनचे कायदे करणारं कौन्सिल भरत होतं. बैठक असेल त्या दिवशी तो काहीतरी निमित्त काढून प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसायचा आणि घरी येऊन आईला सांगायचा, कोण काय म्हणालं, कुणी कुणाला गप्प केलं. गुसूनला त्यातलं फारसं कळायचं नाही. तिला एवढंच कळायचं, की हे सांगताना तो ताटातल्या माशाचे काटे काढायला विसरतो.

पूर्वी कौन्सिलातले सगळे इंग्रज गव्हर्नरच्या मर्जीतले. मग चार जागांवर लोकांनी निवडलेले आले. आता नव्या सुधारणेत बारा जागा निवडणुकीच्या होत्या, नेमलेल्यांपेक्षा एक जास्त. या एकाबद्दल मुक्बिल असा बोलायचा, जणू तो एक म्हणजे तोच. मात्र मत द्यायला बाप्या असायला हवा, आणि इथे जन्मलेला, नाहीतर इंग्रजांच्या छत्राखालच्या किंवा राष्ट्रकुलातल्या एखाद्या मुलखातून येऊन वर्षानुवर्षं राहिलेला. समोरच्या दुकानातला गुजराती रतिलाल घड्याळजी मत देऊ शकत होता. सीमेपलीकडे इमामाच्या राज्यात, म्हणजे गुसूनच्या माहेरच्या डोंगरात, जन्मलेल्याला मत नव्हतं. मग तो चाळीस दिवसांचा असताना एडनला आलेला असो, आणि त्यानंतर एडन सोडून कुठेही गेलेला नसो.

धाकटा नाशिर इथलाच. त्याला मत होतं.

"उम्मा, एकच वाक्य आहे," मुक्बिल सकाळच्या चहाला म्हणाला. "ज्याच्याकडे जन्माचा दाखला नाही, त्याच्या घरातल्या वडीलधाऱ्याने कोर्टात शपथ घ्यायची. ते विचारणार, मुलगा कुठे जन्मला? तू म्हणायचं, इथे. झालं."

"आणि अल्ला विचारेल तेव्हा?"

"अल्लाला मतदारयादीत काय रस?"

"तुला आहे ना. तुझ्याबद्दल तर विचारेल."

नाशिर चहात पाव बुडवत ऐकत होता. तो गोदीत क्रेनवर होता आणि युनियनचा माणूस होता. "ज्या घरात तुला चप्पल काढायलाही उभं करत नाहीत, तिथे तू खुर्ची मागतोयस," तो म्हणाला. "आम्ही बहिष्कार टाकलाय. सगळी गोदी. अर्ध्या गावाला वगळून कसली निवडणूक?"

"तुला आयतं मिळालंय म्हणून टाकतोयस."

"मग घे माझं."

"देता आलं असतं तर घेतलं नसतं का?" मुक्बिल म्हणाला. तो हसत नव्हता. "तू लाथ मारतोस तेव्हा तुझ्याजवळ काहीतरी असतं लाथ मारायला. मी बहिष्कार कशावर टाकू?"

नाशिरने हातातला पाव बशीत ठेवला. मग आईकडे वळून म्हणाला, "आणि कुणी हरकत घेतली तर? संपात पकडलेल्या डोंगरातल्या पोरांचं काय झालं? ट्रकात घातली आणि सीमेपलीकडे सोडली. याला आत्ता कुणी विचारत नाही, कारण हा मान खाली घालून जगतोय. यादीत नाव घालायला गेला की विचारतील."

गुसूनलाही हीच भीती होती. ज्या गावाची मुक्बिलला एक वाटही ठाऊक नाही, तिथे त्याला 'घरी' म्हणून पाठवतील. आणि पाठवणाऱ्यांना सांगायला जाणार कोण? कुणीही. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं तो कुठे जन्मला ते. तिनेच तर सांगितलं होतं. वर्षानुवर्षं, घरोघरी, किशरच्या पेल्याबरोबर.

आपली आई हे घरोघरी सांगते, हे मुक्बिलला ठाऊकच नव्हतं. त्या बैठकीला बाप्यांना मज्जाव.

कोर्टाची तारीख पडायच्या आधी बहिय्याच्या सुनेला मुलगी झाली. बहिय्या गल्लीच्या टोकाला राहायची. तिचा नवरा निवडणुकीला उभ्या असलेल्या एका व्यापाऱ्याचा उजवा हात होता. मुक्बिल ज्याच्यासाठी घसा कोरडा करायचा तो वकील मुनीर त्याच व्यापाऱ्याच्या विरोधात उभा होता. गुसूनने ठरवलं, सुरुवात इथूनच करायची. गोष्ट सांगायची, पण डोंगरातून खाली एडनला उतरवून. एकदा बायकांच्या तोंडी नवी गोष्ट बसली की जुनीला कोण विचारतंय?

"कळा सुरू झाल्या," ती म्हणाली, "आणि त्याच वेळी गल्लीत आभाळ फाटलं."

"कुठल्या गल्लीत?" एकीने विचारलं.

"आपल्याच. दुसऱ्या कुठल्या?"

"आपल्या गल्लीत? खाला, इथे चार थेंब पडले तर आपण पोरांना बघायला बाहेर आणतो."

"त्या वर्षी पडला होता."

"आणि ज्वारी?" दुसरी म्हणाली. "छतावरची ज्वारी कुणाची मग? रतिलालची?"

सगळ्या हसल्या. गुसूनही हसली. "ज्वारी नव्हती. कपडे होते वाळत."

"कपड्यांसाठी कुणी 'वाचले, वाचले' ओरडतं का? आणि तुझी आई कशी आली इथे? तूच सांगतेस ना, ती म्हणायची मी समुद्र बघायच्या आधी डोळे मिटेन."

"आली होती. एकदाच."

आई एडनला कधीच आली नव्हती. या खोट्या गोष्टीत आईला उंटावर घालून खाली आणायचं म्हटलं तर तिचा चेहराच दिसेना. दगडी भिंतीशिवाय, धुराच्या वासाशिवाय ती कुठे उभी राहणार? इथल्या उकाड्यात? गुसून थांबली. मग एकेकीच्या डोळ्यांत उजेड पडू लागला. प्रत्येकीच्या घरात कुणी ना कुणी यादीबद्दल बोलत होतं.

पलंगाच्या पायथ्याशी बसलेली बहिय्या उठली आणि तिने किशरची किटली उचलली.

"वय झालं की गोष्टी सरकतात," ती म्हणाली. "माझ्या सासूच्या गोष्टीत तर नवराही दर वेळी वेगळा असायचा."

हशा पिकला आणि विषय बदलला. गुसूनच्या पेल्यात ओतताना बहिय्याने तिच्याकडे पाहिलं नाही. हे चांगलं की वाईट, याचा विचार करत गुसून घरी गेली, आणि त्या संध्याकाळी छतावर इतक्या येरझाऱ्या घातल्या की खालून सून ओरडली, "उम्मा, माती पडतेय आमटीत."

कोर्टात काहीच अवघड नव्हतं. लाकडी कठड्यामागे गोरा न्यायाधीश घाम पुसत बसला होता. शेजारी दुभाषा. त्याने कुराणावर हात ठेवायला सांगितलं. विचारलं, मुलगा कुठे जन्मला?

"इथे," गुसून म्हणाली.

"इथे म्हणजे?"

"क्रेटरमध्ये. घरात."

दुभाष्याने इंग्रजीत काहीतरी सांगितलं, ते तिच्या वाक्यापेक्षाही छोटं होतं. शिक्का उमटला. पुढच्या माणसाला हाक गेली. बाहेर आल्यावर मुक्बिलने तिला लिंबाचं सरबत घेऊन दिलं आणि स्वतः तीन पेले प्यायला. तो बोलत होता, हसत होता, रस्त्यातल्या अनोळखी माणसांना सलाम करत होता. गुसूनने पेला ओठांना लावला आणि तसाच परत ठेवला. एवढी मोठी गोष्ट, पाऊस, कडा, ज्वारी, वेणीचा गोफ, आणि ती पुसायला एक शब्द पुरला.

यादी नगरपालिकेच्या भिंतीवर लागली. ज्याला हरकत घ्यायची त्याने अमुक दिवसांत घ्यावी, असं खाली लिहिलं होतं. बहिय्याचा नवरा रोज सकाळी कानाला पेन्सिल अडकवून त्या भिंतीपाशी उभा असतो, हे नाशिरने येऊन सांगितलं. "विरोधकांची नावं शोधतोय. गेल्या आठवड्यात चार जणांना उडवलं त्याने."

गुसूनने हलव्याचं ताट सजवलं आणि बहिय्याकडे पाठवलं. बाळाच्या निमित्ताने. ताट रिकामं परत द्यायचं नसतं, काहीतरी घालूनच यायला हवं. दुपार गेली. संध्याकाळ गेली. ताट आलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः गेली. बहिय्याकडे बैठक भरली होती. गुसून दाराजवळच्या गादीवर बसली, तिथे ती कधी बसत नसे. बहिय्याची एक लांबची भाची जवळच्या शेख उस्मान गावाहून आली होती, नवी नवरी. तिला कुणीतरी सांगून ठेवलं असणार. ती म्हणाली, "खाला, तुमची ती पावसाची गोष्ट सांगा ना."

"ती नको," बहिय्या म्हणाली. "तिचा घसा बसलाय."

"माझा घसा ठीक आहे," गुसून पटकन म्हणाली. सवयीनेच म्हणाली.

बहिय्या उठून आली. तिने हलव्याचा तुकडा गुसूनच्या हातात ठेवला आणि तिची मूठ आपल्या मुठीत मिटली. "बसलाय म्हटलं ना," ती हळूच म्हणाली. "माझ्या घरात भिंतींना कान आहेत. एका कानाला तर पेन्सिलही आहे."

कुणी हसलं नाही. सगळ्या आपापल्या पेल्यांत बघत होत्या. त्या नव्या नवरीने गोंधळून इकडेतिकडे पाहिलं, आणि तीही पेल्यात बघू लागली.

संध्याकाळी ताट आलं. त्यात सांबुसे, म्हणजे इथले समोसे होते, अजून गरम.

हरकतीची मुदत सरली. मुक्बिलचं नाव भिंतीवर राहिलं. त्याने ते बघायला आईला नेलं, बोट ठेवून दाखवलं. गुसूनला वाचता येत नव्हतं. तिने मान डोलावली. पण त्यानंतर ज्या घरी बाळंतीण असेल त्या घरी तेच होऊ लागलं. कुणीतरी नवखी विचारायची, आणि दुसरी कुणी लगेच म्हणायची, उम्म मुक्बिलला बरं नाही, आज तू सांग. त्या तिला जपत होत्या. ती घरी आली की तिचं अंग दुखायचं, तान्हं दूध सोडतं तेव्हा दुखतं तसं.

मतदानाच्या दिवशी मुक्बिलने पांढरा सदरा घातला. सूनबाईने इस्त्री केली होती. नाशिर पहाटेच बाहेर पडला होता. केंद्राच्या बाहेर युनियनची माणसं उभी राहणार होती, तोही त्यांच्यात. गुसून दिवसभर दाराशी. रस्ता शुक्रवारच्या दुपारसारखा मोकळा होता. दुकानं अर्धी मिटलेली. कुठूनतरी घोषणा यायच्या आणि विरायच्या.

दुपारनंतर मुक्बिल परतला. सदऱ्याला कुठे डागही नव्हता.

"काय झालं?"

"काही नाही. कुणी नव्हतंच. मी, रतिलाल, आणि दोन म्हातारे. कारकुनाने माझं नाव मोठ्याने वाचलं." तो थांबला. "नाशिर समोर उभा होता. त्याने ऐकलं."

"काही बोलला?"

"सगळे ओरडत होते. तो गप्प होता. मग बाजूला झाला, मला वाट द्यायला."

तो आत जाऊन बसला. वकील मुनीर निवडून येणार हे त्याला ठाऊक होतं. आता टेकडीवरच्या बाकावर बसेल तेव्हा खाली बसलेल्यांतला एक त्याने पाठवलेला असेल. हे त्याने आईला सांगितलं, पण ज्या आवाजात तो एरवी कौन्सिलबद्दल बोलायचा तो आवाज नव्हता. त्याने चहा मागितला आणि प्यायला नाही. उठून खिडकी उघडली, बंद केली.

गुसून त्याला बघत होती. हा अस्वस्थपणा तिच्या ओळखीचा होता.

"बस," ती म्हणाली. "तुला काहीतरी सांगायचंय. मध्ये बोलायचं नाही."

तिने सुरुवातीपासून सांगितलं. उंट, कडा, ज्वारी. मुक्बिल आधी चुळबुळ करत होता, कारण तिला मध्येच थांबवून विचारायची त्याला सवय. कुठल्या वाटेने गेलात? गाव सीमेपासून किती लांब? तिने हात वर केला की गप्प व्हायचा. पाठीला पाठ लावली ती जागा आली तेव्हा त्याची चुळबुळ थांबली. वेणीचा गोफ आला तेव्हा तो आपल्या बेंबीवर हात ठेवून बसला होता, त्याच्या लक्षातही नव्हतं.

"वाचली, वाचली," ती म्हणाली, आणि इथे गोष्ट संपायची. पण ती थांबली नाही.

"चाळिसाव्या दिवशी मी आईला म्हटलं, मी खाली जात नाही. तिथे उकडतं, तिथे माझं कुणी नाही. मी याला इथेच वाढवते. याच्या बापाला निरोप पाठव. आईने माझं बोचकं बांधलं होतं. ती गाठ सोडेना. म्हणाली, याचा बाप खाली आहे, याची भाकरी खाली आहे. वार इथे पुरली ती मी पुरली, माझ्या समाधानासाठी. हा खालचा आहे. तू रडतेस म्हणून तो वरचा होणार नाही." गुसूनने चादरीच्या पदराने नाक पुसलं. "मी रागावून निघाले. वळून पाहिलं नाही. पुढच्या पावसाळ्याच्या आत ती गेली. हे मी कुठल्याच बैठकीत सांगितलं नाही."

रस्त्यावरून एक गाडी गेली, तिच्यावर कर्णा लावलेला. कुणीतरी अजून मतदारांना बोलवत होतं.

मुक्बिलने विचारलं, "तिचं नाव काय होतं?"

गुसून चकित होऊन त्याच्याकडे बघत राहिली. घरात तिच्या आईला सगळे 'आजी' म्हणायचे, आणि ती तर तो रांगायच्या आधीच गेलेली. बाप्यांसमोर बाईचं नाव घ्यायची रीत नव्हती. कुणी सांगितलंच नव्हतं.

"सुऊद," ती म्हणाली.

त्याने ते एकदा उच्चारून पाहिलं, कधी न पाहिलेल्या बंदराचं नाव उच्चारावं तसं. मग उठला, पांढरा सदरा काढून खुंटीला लावला आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला. नाशिर अजून घरी आला नव्हता. त्याला शोधायला तो बनियनवरच बाहेर पडला.